मत द्यावे, पॅच देऊ नये

मामा चहा पिता पिता सहज म्हणाले, "लॅपटॉप फार हळू चालतो रे हल्ली," की समजा, तुमचा मुहूर्त लागला. त्यांना नुसती कुरकूर करायची होती. तुम्ही मात्र कप खाली ठेवायचा, चष्मा वर सरकवायचा आणि विचारायचे, "मामा, यात अजून विंडोजच आहे ना?" डॉक्टर ज्या आवाजात "तंबाखू चालूच आहे ना?" विचारतात, तो आवाज लावायचा. निम्मे काम त्यानेच होते.

पुढचे दोन तास मामांचे नाहीत. विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली म्हणजे लिनक्स, आणि ते घातलेला पेनड्राइव्ह तुमच्या खिशात असतोच. (नसेल तर तुम्ही अजून कच्चे आहात, हा लेख वर्षभराने वाचा.) कुठले लिनक्स घालायचे, हे मामा विचारणार नाहीत, तरी उत्तर द्या. डेबियन १९९३ चे. त्याच्याच पायावर २००४ मध्ये उबुंटू उभे राहिले, उबुंटूच्या खांद्यावर मिंट. पण तुम्ही यातले काहीच वापरत नाही, कारण आता ते सगळेच वापरतात. मामा म्हणतील, "तुला योग्य वाटेल ते घाल बाबा." एवढ्यावर जो गप्प बसतो तो नुसता कामाचा माणूस. तंत्रज्ञानप्रेमी म्हणवून घ्यायचे तर निदान आणखी अर्धा तास बोलले पाहिजे.

संध्याकाळी लॅपटॉप पटकन सुरू होतो. मामा खूश, मामी थालीपीठ वाढतात. मग मामा सोसायटीच्या सभेची नोटीस छापायला घेतात आणि प्रिंटर ढिम्म.

इथे घाबरू नका, इतिहास सांगा. मुक्त सॉफ्टवेअरची ही सगळी चळवळच एका प्रिंटरमुळे सुरू झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट बघत बसलेल्यांच्या पडद्यावर तसा निरोप जावा, अशी सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी करून ठेवली होती. नव्यात तीच सोय करायची तर सोर्स कोड हवा, म्हणजे प्रोग्रामचा मूळ, माणसाला वाचता-बदलता येणारा मजकूर. तो मिळेना. दुसऱ्या विद्यापीठात एकाकडे होता, पण कुणाला देणार नाही अशा करारावर तो सही करून बसलेला. स्टॉलमन जे चिडले ते चिडलेच, आणि १९८३ मध्ये त्यांनी कोणीही वाचावे, बदलावे, वाटावे अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. (ग्नू. आमच्या आळीतला गणू वेगळा.)

मामा बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. ते विचारतील, "म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी प्रिंटरच्या त्रासामुळे हे सुरू झालं, आणि प्रिंटर अजून चालत नाही?" या प्रश्नाला उत्तर देऊ नये. ड्रायव्हर, कंपन्या, मक्तेदारी असे तीन शब्द तोंडातल्या तोंडात म्हणावे आणि थालीपिठावर लोणी मागावे.

शेवटी मामा नोटीस मोबाइलवरून ग्रुपवर टाकतात आणि सभा व्यवस्थित पार पडते. तो मोबाइल अँड्रॉइड असतो, म्हणजे त्याचा गाभा लिनक्सच. मामा गेली दहा वर्षे कुणाचे व्याख्यान न ऐकता लिनक्स वापरत आहेत. हे मात्र त्यांना अजिबात सांगू नका, त्यात तुमचा काहीच वाटा दिसत नाही. त्याऐवजी सांगा, की जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक, पाचशेच्या पाचशे, नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. मामांना महासंगणक घ्यायचा नसला तरी सांगा.

आता मुख्य नियम. मत द्यावे, पॅच देऊ नये. पॅच म्हणजे प्रोग्रामला लावायचे ठिगळ. कुठे फाटले आहे ते शोधायचे, सुईदोरा घेऊन चार ओळींचे ठिगळ लावायचे, ते दुसऱ्याला दाखवायचे, त्याने उसवायला सांगितले की मुकाट्याने उसवायचे. या कामात संध्याकाळ जाते आणि नाव होत नाही. मताचे तसे नाही. कोडची ओळ आत सरकवायला टॅब द्यावा की स्पेस, कोड लिहायला विम चांगला की ईमॅक्स, यावर मत द्यायला आयुष्यात एक ओळ लिहिलेली असण्याचीही गरज नाही. विममधून बाहेर कसे पडायचे हे मला तिसऱ्या दिवशी समजले, पण विमच्या बाजूने मी दुसऱ्याच दिवशी भांडलो होतो.

चळवळीचे तत्त्वज्ञान पाठ असावे. इंग्रजीतला 'फ्री' हा शब्द फसवा. मुक्त आणि फुकट, दोन्हीला एकच. त्यामुळे स्टॉलमन यांना जन्मभर समजावत बसावे लागले, की फ्री म्हणजे भाषणस्वातंत्र्यातले फ्री, फुकटच्या बियरमधले नव्हे. मराठीचे भाग्य थोर, आपल्याकडे दोन धडधडीत वेगळे शब्द आहेत. म्हणून बोलताना 'मुक्त' म्हणायचे आणि घेताना 'फुकट' घ्यायचे, इतकी स्वच्छ सोय बिचाऱ्या इंग्रजीला नाही. उबुंटूवाले एके काळी मागेल त्याला टपालाने सीडी पाठवत, परदेशातून, टपालखर्चासकट. मी पाच मागवल्या. एकही कधी लॅपटॉपमध्ये घातली नाही. त्यांतली एक बरीच वर्षे आमच्या गच्चीवर कबुतरांना घाबरवायला टांगलेली होती, आणि त्या काळात मी स्वतःला मुक्त सॉफ्टवेअरचा कार्यकर्ता म्हणवत असे.

मुक्त संस्कृतीचेही असेच. 'ज्ञान कुलपात ठेवू नये' हे वाक्य उच्चारावे आणि त्याच दमात यंदाच्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ चार ग्रुपांवर सोडाव्या. अंक काढणाऱ्याने छपाईचे पैसे उसने घेतलेले असतात, लेखकाला मानधनाचा चेक होळीपर्यंत मिळत नाही. पण संस्कृती मुक्त झाली, हे काय कमी आहे? कोणी हटकलेच तर कॉपीराइटच्या कायद्यावर या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. आधी पन्नास होती, रवींद्रनाथांच्या लेखनावरचे हक्क संपत आले तेव्हा १९९२ मध्ये दहा वाढवली. किती हा अन्याय, असे म्हणा. तुमचे म्हणणे बरोबरही आहे.

फक्त एक पथ्य पाळा. ज्यांचे लेखन कायद्यानेच खुले झाले आहे, तिकडे फिरकू नका. साने गुरुजी १९५० साली गेले. १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन कोणीही छापावे, वाटावे, नेटवर चढवावे. पण चढवायचे म्हणजे जुन्या पुस्तकाचे पान स्कॅन करा, संगणकाने 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' केलेला असतो तो डोळ्यांत तेल घालून दुरुस्त करा. विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या पुस्तकवाल्या भावंडावर, एकाने तपासले की पान पिवळे होते, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. आमची सांगलीची मावशी, निवृत्त शिक्षिका, दुपारी जेवण झाल्यावर अशी दोन पाने करते. तिला मुक्त संस्कृती म्हणजे काय ते माहीत नाही. मी एकदा समजावून सांगत होतो, तर म्हणाली, "थांब जरा, हे पान हिरवं होऊ दे."

विज्ञानकथेचे प्रकरण सोपे आहे, लवकर उरकू. सिनेमा संपून दिवे लागायच्या आत "अंतराळात आवाज ऐकू येत नाही" एवढे म्हणावे. सोबतचे लोक स्फोटांनी भारावलेले असतात, त्यांना जमिनीवर आणणे तुमचे काम. लहानपणी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला जूल व्हर्न गादीखाली लपवून वाचला असेल तर तसे सांगू नका. मूळ इंग्रजीतून वाचला म्हणा. व्हर्न फ्रेंचमध्ये लिहीत असे, हे समोरच्यालाही माहीत नसते.

जयंत नारळीकर यांचे नाव मात्र आदराने घ्यावे आणि त्यांनी केले त्याच्या बरोबर उलट करावे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपली आद्याक्षरे उलटी करून घेतलेले टोपणनाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. परीक्षकांनी नाव बघून नव्हे, कथा वाचून मत द्यावे, एवढ्यासाठी केंब्रिजला शिकलेला खगोलशास्त्रज्ञ ही खटपट करतो. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. आपण कथा घरी ठेवावी आणि नाव पाठवावे.

मत देऊन काय होते, असे वाटत असेल तर एक्सझेडचे ऐका. फाइली दाबून लहान करणारी ही छोटीशी करामत, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती सांभाळत होता एक माणूस, फिनलंडचा, बिनपगारी. २०२२ मध्ये त्याच्यामागे काही जण लागले. नवी आवृत्ती का येत नाही, झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या, असा सूर. त्यांतल्या एकाने नाव घेतले होते जिगर कुमार. (बघा, मत द्यायच्या कामात आपला माणूस नाही असे कधी व्हायचे नाही, खोटा का होईना.) तो फिनलंडचा बिचारा म्हणाला, की माझी मनःस्थिती बरी नाही, आणि हे मी हौसेने, बिनपैशाने करतो. जिगरला पाझर फुटला नाही. शेवटी त्या फिनलंडवाल्याने मदतीला आलेल्या एका गुणी कार्यकर्त्याला किल्ल्या दिल्या, आणि त्या गुणी कार्यकर्त्याने २०२४ मध्ये तिच्यात चोरदरवाजा बसवला. तक्रारवाले जिगर आणि मंडळी पुन्हा कुठे दिसली नाहीत. ती त्याच कटातली असणार, असे जाणकार मानतात.

ती चोरी कशी पकडली? एका इंजिनियरला वाटले, की दुसऱ्या मशीनवर लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तुम्ही-मी तेवढ्यात वायफायला शिवी घातली असती आणि सोडून दिले असते. हा खणत बसला. तो कुठे नोकरीला होता ते कृपा करून कुणाला सांगू नका. मायक्रोसॉफ्टमध्ये.

आता मावशीचे उरलेले सांगतो, कारण तिथे मी हे सगळे नियम एकाच फोनवर पाळून दाखवले.

मावशी गावच्या देवळाच्या उत्सवाचे हिशेब लिहिते. वही सोडून तिला मुक्त सॉफ्टवेअरवर मीच आणले. तिने लिहिले, 'आचाऱ्यांना २,००० रुपये'. अहवाल छापून आला त्यात, 'आचार्यांना २,००० रुपये'. वार्षिक सभेत एक आजोबा उठले आणि म्हणाले, हे आचार्य कोण? यंदा प्रवचनाला तर कोणी आले नव्हते. वीस मिनिटे त्यावर गेली. आचारी बाहेर मांडवात बसलेला होता.

मावशीने मला फोन केला. मी खुर्चीत नीट बसलो. सांगितले, की 'आचाऱ्या'तला चंद्रकोरीसारखा र आणि 'आचार्या'वरचा रफार, दोन्हींत र तोच. फरक दाखवायला काही कळफलक दोन अक्षरांच्या मधोमध एक अदृश्य अक्षर घालतात. त्याला रुंदी नाही, ते पडद्यावर दिसत नाही, ते फक्त पुढच्या-मागच्या अक्षरांना सांगते की असे जुळा. आणि तुझा हा प्रोग्राम छापण्याआधी मजकुरातला अदृश्य कचरा झाडतो, त्यात ते झाडले जाते. शिवाय नुक्त्याचा ऱ वापरूनही हेच रूप लिहिता येते. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे, म्हणून एका पद्धतीने लिहिलेल्या सह्याद्रीच्या दऱ्या दुसऱ्या पद्धतीने शोधल्या तर सापडत नाहीत. कचरा झाडला तर सह्याद्रीत दर्या उसळतो. मग मी युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक लिपीतल्या अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, इतिहासावर आलो, तिथून भारतीय लिप्यांचा निर्णय कुणी घ्यायला हवा होता यावर. चाळीस मिनिटे. त्यातले एक वाक्य चुकीचे नव्हते, आजही मला त्याचा अभिमान आहे.

मावशी म्हणाली, "बरोबर असेल रे तुझं. पण हे दुरुस्त करायचं कुणाला सांगायचं?"

इथे आपले व्याकरण कामाला येते. शाळेत तिनेच शिकवला होता भावे प्रयोग, ज्यात क्रियापद ना कर्त्याला विचारते ना कर्माला. मी म्हटले, "कळवायला हवं. तशी सोय असते. कोणीतरी बघायला हवं." ज्या फाइलीतल्या ज्या ओळीने तो कचरा झाडला जात होता, ती फाइल माझ्यासमोर उघडी होती. सोर्स कोड खुला असण्याचा हाच तर फायदा, दोष कुठे आहे ते आपल्याला बघता येते. मी तो बघितला आणि खिडकी बंद केली. रात्र बरीच झाली होती, आणि दुसरीकडे टॅब आणि स्पेसवर एक जण काहीच्या बाही लिहीत होता.

यंदाचा अहवाल परवा आला. मावशीने 'स्वयंपाक्यांना २,५०० रुपये' असे लिहिले आहे. मी लगेच फोन केला. म्हटले, असे शरण जाणे बरोबर नाही, सॉफ्टवेअर चुकते म्हणून आपण आपला शब्द का सोडायचा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

"तत्त्वाचं राहू दे," मावशी म्हणाली. "मांडवासाठी चार सुऱ्या आणल्यात, एकशेसाठ रुपये. त्याचंही तसंच होतंय. काय लिहू? चाकू लिहू का?"

मी म्हटले, बघायला हवं.