सगळीकडे ‘मंत्रमुग्ध’ चालणार नाही

‘एन्चांटेड, कॅप्टिव्हेटेड, फॅसिनेटेड, स्पेलबाउंड या सगळ्यांना मंत्रमुग्ध म्हणावे’ हा लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एन्चांटच्या मुळाशी लॅटिन ‘इन्कान्तारे’ आहे, म्हणजे मंत्र म्हणून भारणे. आपला ‘भारावणे’ त्याचा सख्खा भाऊ (अंगारा भारणे, त्यातलेच हे क्रियापद). कॅप्टिव्हेटमध्ये कैदी दडला आहे, तिथे ‘खिळवून ठेवणे’ बरे. फॅसिनेटचा मूळ अर्थ जादूटोण्याने वश करणे, पण आज त्यात कुतूहलच जास्त. मुंग्यांचे वारूळ फॅसिनेटिंग असते, एन्चांटिंग नव्हे. तिथे ‘मंत्रमुग्ध’ लिहिले की अर्थच बिघडतो.

मेस्मराइज तर मेस्मर (१७३४–१८१५) या डॉक्टरच्या नावावरून आला, म्हणून सतराव्या शतकातल्या पात्राच्या तोंडी तो घालू नये. आणि पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाबद्दल इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी ‘स्पेलबाउंडेड’ कृपया टाळावे. ‘बाउंड’ म्हणजेच बांधलेला. त्याला पुन्हा ‘एड’ लागत नाही.