रायफलच्या नळीला म्हणे पाणी लावायचं नाही!

गेल्या शनिवारी रात्री भाच्याचा फोन. इथेच अमेरिकेत ह्यूस्टनला असतो, आयटीत, एच-वन-बी व्हिसावर. आवाजात इतकी लाडीगोडी होती की मी आधीच सावध झालो. "मामा, तुझ्या नावावर एक रायफल घेशील का? पैसे मी देतो ना." आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज, 'पहिली मिलिटरी सरप्लस रायफल घेताय? हे सात नियम पाळा', खाली जोडलेले हात आणि तीन झेंडे. त्या आठवड्यात हा मेसेज मला तिसऱ्यांदा आला होता, आधी दोनदा मी न वाचता पुढे सरकलो होतो, पण आता घरातलंच पोरगं त्यावर विसंबून खिसा रिकामा करायला आणि वर कायद्याच्या कचाट्यात सापडायला निघालंय म्हटल्यावर काय गप्प बसणार.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १: सरप्लस रायफल, म्हणजे फौजेने वापरून विकायला काढलेली, शंभर डॉलरचा माल, जुनी रशियन मोसिन-नागांत घ्या. २: स्वतःच्या नावावर जमत नसेल तर ग्रीन कार्डवाल्या नातेवाइकाच्या नावावर घ्या, नाहीतर शिकारीचं लायसन काढा. ३: सगळ्या भागांवरचे नंबर जुळले की रायफल ओरिजिनल. ४: ७.६२ म्हणजे ७.६२, कुठलंही काडतूस चालतं. ५: आतलं जुनं ग्रीस पेट्रोलने धुवा. ६: नळीला पाणी कधीही लावू नका, गंजेल, गोळ्या झाडून झाल्या की भरपूर तेल सोडा आणि ठेवून द्या. ७: फारच काळजी वाटत असेल तर काच पुसायचं निळं पाणी मारा, त्यातल्या अमोनियाने मीठ 'न्यूट्रल' होतं. सहाव्यात पाणी नको आणि सातव्यात निळं पाणी चालतं, म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःचं स्वतःही वाचलेलं दिसत नाही.

मी सहाव्यापासून सुरू करतो, कारण त्याने माझी एक नळी खाल्लीय.

२०१२ साली मी पहिली मोसिन घेतली, ९१/३० मॉडेल, १९४३ ची, रशियातल्या इझेव्स्कच्या कारखान्यातली, त्रिकोणात बाण असा शिक्का. युद्धाच्या घाईत बनलेली म्हणून रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या सांगाड्यावर, कातकामाचे ओरखडे तसेच, पण नळी आतून आरशासारखी. सोबत सोव्हिएत काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबा, ४४० नग. रेंजवर चाळीसेक गोळ्या झाडल्या, घरी आलो, आणि अगदी या मेसेजमध्ये लिहिलंय तसंच केलं, म्हणजे चिंधीने काजळी पुसली, तेल चोपडलं, कपाटात. दोन आठवड्यांनी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, काढून उजेडाकडे धरून बघतो तर आत नारिंगी लव. ती घासून निघाली, पण तिच्याखाली खड्डे पडले होते ते पडलेच. सत्तर वर्षं ती नळी महायुद्ध आणि गोदामं सहन करून माझ्यापर्यंत नीट आली आणि मी पंधरा दिवसांत तिची वाट लावली, तेही तेल लावून!

आता असं का होतं ते बघा, अवघड काहीच नाही. जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडाशी ठिणगी देणारी कॅप असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असतं. ठिणगी पडली की त्यातला ऑक्सिजन जातो आणि मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या स्वयंपाकातल्या मिठाचा सख्खा चुलतभाऊ. ते नळीच्या आट्यांमध्ये, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) तोंडाशी, बोल्टच्या तोंडावर बारीक बसतं. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं माहितीय ना, तेच. हवा ८४ टक्क्यांच्या वर दमट झाली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि ह्यूस्टनच्या सकाळबद्दल मी काय सांगावं. मीठ तेलात विरघळत नाही. तुम्ही वरून तेल ओतलंत तर मीठ तिथेच, फक्त आता तेलाच्या पांघरुणाखाली, आणि पांघरुणाखाली त्याचं काम चालूच राहतं.

हे माझं डोकं नाही. १९२२ साली अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने विल्बर्ट हफ यांचा टेक्निकल पेपर १८८ छापला, विषयच मुळी तेलाच्या थराखाली होणारं गंजणं आणि झाडल्यानंतर बंदुकीच्या नळ्या का सडतात हा. त्याआधी लोक दारूच्या काजळीला दोष द्यायचे, धातूत आम्ल 'मुरतं' म्हणायचे, दोन दिवसांनी नळीला 'घाम' येतो म्हणायचे. हफ यांनी बोट ठेवलं ते कॅपमधल्या क्लोरेटवर आणि त्याच्या मिठावर, आणि उपाय कुठला, तर पाणी. साधं पाणी. २० अंशाला १०० मिली पाण्यात हे मीठ ३४ ग्रॅम विरघळतं, तुमच्या नळीत ते चिमूटभरही नसतं. शंभर वर्षं झाली हे छापून आणि तरी आमच्याकडे 'पाणी कधीही लावू नका'.

आणि हफ यांचा पेपर न वाचलेल्यांनाही हे ठाऊक होतंच की. माझे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, .३०३ ली-एनफिल्डवाले. ते सांगायचे, फायरिंगहून आलं की आधी उकळतं पाणी, मग बाकीचं. ब्रिटिश फौजेत त्यासाठी खास नरसाळं मिळायचं, लांब चोचीचं, चोच चेंबरमध्ये बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. दस्त्याच्या बुडाशी झाकणाच्या खणात पितळेची तेलाची बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे नळीतून चिंदी ओढायची दोरी. आम्ही एनसीसीत शिकलो तेव्हाही तेच, सफाईची चिंदी ४ बाय २ इंच, तेलाची ४ बाय दीड, आणि दोन्हींची गल्लत केली की उस्ताद मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. सफाई आधी, तेल नंतर, चिंद्यासुद्धा वेगळ्या. मेसेजवाल्याने पहिली पायरीच खाल्ली.

करायचं एवढंच. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा. मोसिनचा बोल्ट पूर्ण मागे ओढून चाप दाबला की हातात येतो, तो काढा. नळीचं तोंड खाली बादलीत धरा, मागून नरसाळ्याने उकळतं पाणी सोडा, लाकडात झिरपू देऊ नका, आणि नळी भाजते तेव्हा हातात फडकं घ्या. बोल्टचं तोंडही त्याच पाण्याने धुवा, ते सगळे विसरतात. उकळतं अशासाठी की नळी तापते आणि उरलेलं पाणी आपोआप उडून जातं, गार पाण्यानेही मीठ जातंच, फक्त मग कोरडं करायला जास्त चिंद्या लागतात. त्यानंतर नेहमीचं सॉल्व्हंट, ब्रश, कोरडी चिंदी आणि मग तेल, हो, तेव्हा तेल, पातळ हात. दोन दिवसांनी पुन्हा एक चिंदी फिरवून बघा. सफाईचा गज शक्यतो मागूनच घाला, कारण पुढून घालून घालून रशियन शिपायांनी नळ्यांची तोंडं इतकी झिजवली की दुरुस्तीत कित्येक मोसिनांची तोंडं आतून थोडी मोठी कातावी लागली, बाजारात अशा भरपूर दिसतात.

सातवा मुद्दा याच्यातच निकाली निघतो. पोटॅशियम क्लोराइड हे आम्ल नाही, त्यामुळे अमोनियाने त्याचं न्यूट्रल-बिट्रल काही होत नाही, ते आधीच न्यूट्रल आहे. निळ्या पाण्याने फरक पडतो हे मात्र मान्य करावं लागेल, अनेकांचा तसा अनुभव आहे, कारण त्यात मुख्यतः पाणीच असतं. नळाला फुकट येतं ते बाटलीतून विकत घ्यायची हौस असेल तर घ्या.

पेट्रोलबद्दल मात्र मला राग येतो. सरप्लस रायफल गोदामात ठेवताना कॉस्मोलीन नावाच्या ग्रीसमध्ये बुडवलेली असते, तपकिरी, मेणचट, आणि वर्षानुवर्षांत घट्ट झालेलं. ते नळीत तशीच ठेवून गोळी झाडायची नाही आणि काढायला काहीतरी लागतं, इथपर्यंत ठीक. पण पेट्रोल? पेट्रोलची वाफ उणे ४० अंशालाही पेट घेऊ शकते, हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते आणि अमेरिकन घरात गॅरेजच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा काय उभं असतं? गॅसचा वॉटर हीटर, खाली ज्योत. २००३ नंतरच्या हीटरना यासाठीच वाफ पेटू नये अशी रचना सक्तीची झाली, म्हणजे आधी किती घरं पेटली असतील याचा विचार करा. मिनरल स्पिरिट घ्या, नाहीतर आपलं रॉकेल, इथे के-वन म्हणून मिळतं. तेही दार उघडं ठेवून आणि ज्योतीपासून लांबच वापरायचं, पण ३८ अंशांच्या खाली सहसा पेटत नाही, त्यामुळे पेट्रोलसारखं अंगावर येत नाही. लाकडी दस्त्याला तर काहीच नको, काळ्या पिशवीत घालून टेक्सासच्या उन्हात गाडीत ठेवा, ग्रीस आपसूक पाझरतं, पुसत राहा. आणि चेंबर नीट घासा, २० गेजच्या शॉटगनचा पितळी ब्रश चालतो, कारण तिथे राहिलेलं कॉस्मोलीन पाच-दहा गोळ्यांनी तापून चिकट होतं आणि बोल्ट उघडायला अक्षरशः हातोडी शोधावी लागते. मग लोक म्हणतात रशियन माल भंगार.

आता नावाचा मुद्दा, जिथून ही सगळी कटकट सुरू झाली. दुकानात बंदूक घेताना केंद्र सरकारचा फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यात विचारतात, खरा खरेदीदार तूच का? भाच्याच्या पैशाने भाच्यासाठी घेताना मी 'हो' लिहिलं की मी त्या फॉर्मवर खोटं बोललो. "अरे पण घरच्यासाठीच तर घेतोय" हे चालत नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टात अब्राम्स्की खटला याच्यावरच झाला आणि योगायोग बघा, तिथे काकासाठी पुतण्याने घेतलं होतं. पुतण्या माजी पोलीस, त्याला डिस्काउंट मिळत होता, काकाने ४०० डॉलरचा चेक पाठवला आणि वर मेमोमध्ये पिस्तुलाचं नाव लिहिलं, एवढा भोळा कारभार. काकाला स्वतः पिस्तूल घ्यायला कायद्याने काहीच आडकाठी नव्हती. तरी ५ विरुद्ध ४ मतांनी पुतण्या दोषी. २०२२ पासून तर ज्याला बंदूक बाळगायला बंदी आहे त्याच्यासाठी केलेल्या अशा खरेदीवर स्वतंत्र कलम आलंय, १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास. मी माझ्या पैशाने, पात्र माणसाला खरोखर भेट दिली तर ती वेगळी गोष्ट, पण "पैसे मी देतो ना" म्हटल्यावर भेट कसली.

आणि याच मुद्द्यातलं दुसरं वाक्य, नाइलाजाने कबूल करतो, बरोबर आहे. एच-वन-बी, विद्यार्थी व्हिसा, असल्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच केंद्रीय कायद्याने बंदी आहे, पण ज्याच्याकडे अमेरिकेतल्या राज्याचं शिकारीचं चालू लायसन आहे त्याला सूट मिळते. मी ऐकलं तेव्हा मलाही हे गावगप्पा वाटलं होतं, पण कायद्यात तसंच लिहिलंय. फक्त 'चालू' या शब्दावर बोट ठेवा. टेक्सासचं लायसन दरवर्षी ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला तुम्ही ते नवं केलं नाही आणि रायफल कपाटात आहे, म्हणजे काहीही न करता तुम्ही गुन्हेगार, आणि व्हिसावाल्याला तुरुंगापेक्षा पुढची भीती मोठी असते ते सांगायला नको.

उरलेलं भराभर. शंभर डॉलरची मोसिन होती, मी स्वतः घेतलीय, पण ते दिवस गेले, आता तीन-चारशेच्या खाली नीट दिसली तर आधी संशय घ्या. नंबर जुळले म्हणजे ओरिजिनल हे मोसिनच्या बाबतीत बहुधा खोटं, सोव्हिएत कारखान्यांनी युद्धानंतर रायफली सुट्या करून दुरुस्त केल्या आणि भागांवर नव्याने नंबर मारले. रायफल वाईट होत नाही त्याने, फक्त 'ओरिजिनल' म्हणून जास्त पैसे देऊ नका.

७.६२ वालं मात्र जिवावरचं आहे. मोसिनला ७.६२ बाय ५४ आर लागतं. आर म्हणजे रशियन नव्हे, रिम, बुडाशी कडा असते ती. नाटोचं ७.६२ बाय ५१ आखूड, अरुंद, बिनकडेचं, आणि गोळीही बारीक. एके-४७ चं ७.६२ बाय ३९ आणखी आखूड. मोसिनच्या चेंबरमध्ये ही सैल बसतात आणि केस फाटली तर गॅस येतो तो तुमच्या चेहऱ्याकडे. आपली इशापूरची टू-ए-वन आहे ना, १९६२ च्या युद्धानंतर बंगालच्या कारखान्यात बनवलेली, इथे सरप्लसमध्ये मिळते, ती नाटोवाली. दिसायला ली-एनफिल्ड, काडतूस वेगळं. नळीवर किंवा रिसीव्हरवर काय कोरलंय ते वाचायचं, मेसेजवर काय लिहिलंय ते नाही.

भाच्याने शिकारीचं लायसन काढलं, रायफल स्वतःच्या नावावर घेतली, मोसिनच, रशियातल्या तुला शहराच्या कारखान्यातली, चांदणीचा शिक्का. काल पुन्हा फोन. "मामा, नळीतून पाणी चहासारखं काळं आलं." म्हटलं येऊ दे, साफ येईपर्यंत ओतत राहा. मग थोडं थांबून, "मामा, किटली घरातलीच घेतली तर चालेल ना?" मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, पुढचं मी ऐकलं नाही.