मावशीची अंगठी आणि रोमन शीर

मावशीच्या डाव्या अनामिकेत अंगठी इतकी रुतली होती की दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं. साबणाचं पाणी घेऊन बसलो, तर तिने हात मागे ओढला. "काढायची नाही. तिथून थेट हृदयाला शीर जाते." पुरावा म्हणून फोन पुढे केला. तोच फॉरवर्ड: रोमन नवऱ्या या 'प्रेमाच्या शिरे'वर सोन्याचीच अंगठी घालत, सोन्याच्या स्पर्शाने बीपी ताब्यात राहतं, म्हणूनच रोमन मुलांच्या गळ्यातही सोनं असे. गोळ्यांच्या पाकिटात चार दिवसांच्या गोळ्या तशाच.

शीर आली कुठून? दुसऱ्या शतकातला रोमन लेखक औलुस गेलियस सांगतो की इजिप्तमध्ये प्रेतं चिरताना या बोटापासून हृदयापर्यंत जाणारा एक बारीक तंतू सापडला, असं अपिऑन नावाच्या ग्रीक लेखकाने लिहिलंय. म्हणजे ऐकीवावर ऐकीव. त्यात लग्न नाही, सोनं नाही, बीपी तर नाहीच. आणि पाचही बोटांतलं रक्त शेवटी हृदयाकडेच परततं. मग करंगळीने काय घोडं मारलंय?

आता 'सोन्याचीच'. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेला रोमन लेखक प्लिनी आपल्या ग्रंथाच्या 33व्या खंडात लिहितो की वाङ्निश्चयाला नवरीकडे आजही लोखंडी अंगठी पाठवतात, तीही बिनखड्याची. लोखंडी! बोटातलं सोनं मुळात दर्जा सांगायचं. सिनेटर आणि सरदार यांची ती खूण. इ.स.पू. 216 मध्ये इटलीत कॅनीला रोमन सैन्य कापलं गेलं, तेव्हा शत्रूचा, म्हणजे कार्थेजचा, सेनापती हॅनिबल याच्या भावाने मेलेल्यांच्या बोटांतल्या सोन्याच्या अंगठ्यांचा कार्थेजच्या सभेपुढे ढीग ओतला. बघा, किती बडे मारले! त्या बड्यांना तरी ते सोनं कुठे वाचवू शकलं? पुढच्याच वर्षी रोममध्ये कायदा आला की बायकांनी अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगायचं नाही. तो वीस वर्षं टिकला.

बरं, वाङ्निश्चयाची सोन्याची अंगठी रोममध्ये नव्हतीच असं नाही. टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक तिचा उल्लेख करतो. मुलांच्या गळ्यातला 'बुल्ला' हा ताईतही खरा. पण तो दृष्ट लागू नये म्हणून, आणि गरिबाघरी चामड्याचा.

अंगठी शेवटी सोनाराने कापली. खालची कातडी पांढरीफटक आणि ओलसर. मावशीने बोट दोनदा वाकवून पाहिलं आणि म्हणाली, "वजनात किती भरली?"