ताठ बसण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘ताठ बसणं हा मानदुखीवरचा उपाय नव्हे’ असं लिहून मी लोकांना पोक काढून बसायची मुभा देते आहे, असं तुमचं म्हणणं. तुम्ही लॅपटॉपखाली पुस्तकं रचलीत आणि मान दुखायची थांबली, ‘महिनाअखेरचे दिवस सोडले तर’.

तुमचा अनुभव खराच आहे. ‘कसं बसता याने काहीच फरक पडत नाही’ हे माझं वाक्य चुकलं होतं. ते लेखातून काढलं आहे. डोकं साधारण ५ किलोचं. ते पुढे झुकलं की मानेमागचे स्नायू त्याला सतत ओढून धरतात. स्क्रीन वर आली, ती ओढ कमी झाली. दुखऱ्या मानेला तेवढ्यानेही आराम पडतो.

पण तुम्ही दिलेला ‘६० अंश वाकलं की २७ किलो भार’ हा आकडा २०१४ साली एका संगणकीय प्रतिकृतीवरून काढलेला आहे, कुणाच्या मानेत मोजलेला नाही. आणि भार पडला म्हणजे इजा झाली, असं नसतं.

पाठीचं तर उलटच निघालं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकाच्या कमरेच्या दोन मणक्यांमधल्या गादीत (डिस्कमध्ये) दाबमापक बसवला होता. खुर्चीत सैल, रेलून बसल्यावर गादीवरचा दाब ताठ बसण्यापेक्षा कमी भरला. माणूस एकच होता, त्यामुळे त्यावरून नियम काढणार नाही. पण ताठ म्हणजे सुरक्षित, हे गृहीत धरता येत नाही, एवढं नक्की.

हात समोर सरळ धरून पाच मिनिटं उभ्या राहा. खांदा भरून येईल, तरी आत काही मोडलेलं नसेल. मान-पाठीचं बहुतेक दुखणं या जातीचं असतं. शिवाय मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिचं पोषण आजूबाजूने झिरपून येतं आणि हालचालीने दाब कमी-जास्त होत राहणं तिला मानवतं. तासन्‌तास ताठ बसणं हेही शेवटी एका जागी खिळणंच.

मी हे इतक्या पोटतिडकीने लिहिते, कारण माझ्याकडे उपचाराला येणारी काही माणसं बुटाची नाडी बांधायलाही घाबरतात. ‘तुमचं पोश्चर वाईट आहे’ हे त्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं, की वाकणं म्हणजे मोडणं असं डोक्यात बसतं. मग पाठ आवळून धरतात, आणि ती आणखी दुखते.

(हातापायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांत मात्र बसण्याची चर्चा नको. त्याच दिवशी डॉक्टर.)

आता तुमचे महिनाअखेरचे दिवस. पुस्तकं तीच, खुर्ची तीच, मग मान का दुखते? त्या दिवसांत किती तास न उठता बसता, झोप किती होते, कामाची धास्ती किती असते? पुस्तकं राहू द्या. येत्या महिनाअखेरीला फक्त दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चाला, आणि मान काय म्हणते ते इथेच कळवा. फरक पडला नाही, तरीही कळवा.