अ‍ॅनी विल्क्स आणि माझी आई

परवा शनिवारी रात्री परत 'मिझरी' लावला. कितव्यांदा ते विचारू नका. नवरा पहिल्यांदाच बघत होता आणि मी मधेमधे खुदुखुदु हसत होते, तर तो म्हणाला अगं समोर माणसाचे पाय मोडून पडलेत आणि तू हसतेयस काय, तुला बरंबिरं वाटतंय ना? तेव्हाच ठरवलं की यावर एकदा लिहायचं. माझं जुनं म्हणणं आहे की लोक ज्याला हॉरर हॉरर म्हणून घाबरतात तो हा पिक्चर निम्मा कॉमेडी आहे, आणि ती कॉमेडी काढून टाका, भीतीसुद्धा निम्मी होईल.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (आणि स्पॉयलर आहेत, पस्तीस वर्षं झाली आता, माझ्यावर चिडू नका). १९९० चा पिक्चर, स्टीफन किंगच्या १९८७ च्या कादंबरीवर, डायरेक्टर रॉब रायनर, म्हणजे जेमतेम वर्षभर आधी 'व्हेन हॅरी मेट सॅली' केलेला माणूस. पॉल शेल्डन हा फेमस लेखक, मिझरी नावाच्या नायिकेवरची त्याची सिरीज धो धो खपते. कोलोरॅडोतल्या बर्फात त्याची गाडी रस्ता सोडून खाली जाते आणि अ‍ॅनी विल्क्स नावाची नर्स त्याला उचलून घरी आणते, पायांना फळ्या बांधते, सूप भरवते, आणि सांगते की मी तुमची नंबर वन फॅन. नंतर कळतं की बाई तिथे योगायोगाने नव्हतीच. तो ज्या लॉजवर उतरायचा त्याच्या बाहेर बसून त्याच्या खोलीतल्या दिव्याकडे बघत बसायची. आणि हे ती चोरी पकडल्यासारखं नाही सांगत हां, प्रेमाने सांगते, लाजून!

आता ही अ‍ॅनी बघा. तिला शिवी चालत नाही. पॉलच्या नव्या हस्तलिखितात शिव्या आहेत म्हणून चिडते, पुढे ते त्याच्याच हातून जाळायला लावते. स्वतः कितीही भडकली तरी तोंडातून येतं काय, तर 'कॉकाडूडी', 'डर्टी बर्ड', असले बालवाडीतले शब्द. घरात डुकरीण पाळलीय, तिचं नाव पण मिझरी. महागड्या शॅम्पेनचं फ्रेंच नाव स्पेलिंगप्रमाणे वाचते. आणि तो चिनी मातीचा पेंग्विन! तिने कोंडून ठेवलेला पॉल चोरून खोलीबाहेर फिरतो, पेंग्विन पडता पडता झेलतो, परत ठेवतो पण तोंड चुकीच्या दिशेला, आणि बाईच्या ते लक्षात येतं. आपल्याकडे शोकेसमधला हत्ती दोन बोटं सरकला तरी ओळखणाऱ्या मावशा असतात ना, अगदी तेच, फक्त पुढे हातोडा आहे. पुस्तकात तिथे कुऱ्हाड आहे, पाऊलच तोडते ती. पिक्चरमध्ये घोटे फोडते आणि मग त्याच्याकडे बघून म्हणते, किती प्रेम आहे माझं तुझ्यावर. मला विचाराल तर हा बदल झाला ते बरं झालं, रक्ताची चिळकांडी उडाली असती तर ते वाक्य कुणाला ऐकूच आलं नसतं. अ‍ॅनी झालेल्या कॅथी बेट्सला ऑस्कर मिळालं यासाठी, हॉररला सहसा देत नाहीत.

पण माझा आवडता सीन वेगळाच आहे. पॉलने शेवटच्या पुस्तकात मिझरीला मारलंय, अ‍ॅनी त्याला डांबून ठेवून नवीन पुस्तक लिहायला लावते, आणि तो पाट्या टाकल्यासारखं काहीतरी लिहून देतो. ती म्हणते हे चालणार नाही. लहानपणी थिएटरमध्ये दर आठवड्याला पुढचा भाग लागायचा त्याची गोष्ट सांगते. एका भागात हिरो गाडीसकट कड्यावरून खाली गेला, पुढच्या आठवड्यात दाखवलं की तो आधीच बाहेर पडला होता, सगळी पोरं टाळ्या वाजवतायत आणि ही एकटी उभी राहून ओरडतेय की नाही पडला, नाही पडला तो बाहेर, गेल्या आठवड्यात काय झालं ते सगळे विसरलात का!

आणि ती बरोबर बोलतेय हो! पॉललाही ते कळतं, तो परत नीट लिहितो आणि पुस्तक चांगलं व्हायला लागतं. अख्ख्या पिक्चरमध्ये त्याला एवढं बारकाईने वाचणारं माणूस एकच, आणि तेच त्याला कोंडून ठेवणारं. माझी खरी तंतरते ती इथे, हातोड्याला नाही.

कारण ही बाई माझ्या घरात आहे. आईच्या मालिकेत मागे एक जण गाडीसकट दरीत गेला, गाडी जळाली, तेरावा झाला, आणि दोन महिन्यांनी नवीन चेहरा घेऊन हजर. आई टीव्हीसमोर उभी राहून म्हणे, अरे जळाली ना गाडी, डोळ्यांनी बघितली ना आम्ही! दोन दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही. हसलो आम्ही सगळे. २०२३ च्या मार्चमध्ये दोन पोरं शाहरुखच्या मन्नतची भिंत चढून आत मेकअप रूममध्ये कित्येक तास लपून बसली तेव्हाही हसलोच होतो, ग्रुपवर जोक फिरले. आता मात्र सारखं डोक्यात येतं की आपल्या घरात, आपल्या खोलीचं दार उघडलं आणि आत आपल्यावर खूप प्रेम करणारं कुणीतरी बसलंय.

काल आईला तो कड्याचा सीन दाखवला, मराठीत समजावून सांगत. तिने शांतपणे सगळा बघितला आणि म्हणाली, बरोबर बोलतेय की बाई.

हातोड्याचं अजून सांगितलेलं नाही तिला.