पॅनल बसले, मीटर कुठंय?

गच्चीवर तीन किलोवॅटचे सोलर पॅनल बसलेत, इन्व्हर्टर भिंतीवर लागलाय, अर्थिंगही झालंय. आणि सगळं बंद! कारण नेट मीटर, म्हणजे घरात आलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, आलेला नाही. एवढं कडक ऊन रोज फुकट जातंय, बिल मात्र पूर्वीइतकंच येतंय.

वीज कंपनीच्या ऑफिसात गेलं की तीच रड. मीटर स्टॉकला नाही. बाहेरून विकत आणला तर टेस्टिंगला द्या. टेस्टिंग झालं तर साहेब साइटवर गेलेत. पोर्टलवर अर्ज जागचा हलत नाही.

अहो, २०२४ मध्ये केंद्राने नियम बदललेत ना? दहा किलोवॅटपर्यंत यंत्रणा जोडता येईल का, याच्या तांत्रिक तपासणीची गरज नाही आणि यंत्रणा सुरू करून द्यायची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणलीय. मग अडतंय कुठे?

शेजारचे म्हणतात, जुन्या मीटरवरच चालू करा. कसं करणार? काही मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापर म्हणूनच मोजतात. म्हणजे आपणच दिलेल्या विजेचे पैसे आपणच भरायचे.

तिकडे कर्जाचा हप्ता सुरू झालाय आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांचं अनुदान यंत्रणा सुरू झाल्याशिवाय मिळत नाही. लोकांनी घरचा पैसा घालून या योजनेला साथ द्यायची आणि एका मीटरपायी तिष्ठत बसायचं, हे संतापजनक आहे. मुदत टळली की रोजची भरपाई थेट बिलातून वजा करा, तीही ग्राहकाला अर्ज करायला न लावता.