पार्किंगचं शुभवर्तमान

आमच्या धर्मग्रामात जबाबदाऱ्या अंगावर पडतात त्या मिस्सेनंतरच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतरच्या, चहाला. एका हातात गरम कप, दुसऱ्यात बशी, तोंडात भिजलेलं बिस्किट. माणूस नाही म्हणणार तरी कसा? फादरांनी नेमकी तीच वेळ साधली. "पुढच्या रविवारपासून गेटवर तुम्ही. पार्किंग बघायचं." मी बिस्किट गिळायला मान हलवली, तो होकार धरला गेला.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण जाता जाता म्हणाले, "आणि येणाऱ्या प्रत्येकात ख्रिस्त पाहायचा, बरं का!"

त्यांचाही दोष नाही. प्रवचनाचा विषयच तो होता. कॅथोलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवर जो दस्तऐवज काढला, त्यात म्हटलंय की ख्रिस्त भाकरी-द्राक्षारसात असतोच, शिवाय वाचल्या जाणाऱ्या वचनात असतो, मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूत असतो आणि प्रार्थनेला जमलेल्या लोकांतही असतो. पहिल्या तिन्हींबद्दल माझी तक्रार नाही. वेदीजवळचा लाल दिवा दिसला की गुडघा आपसूक टेकतो. माझी श्रद्धा अडते ती जमलेल्या लोकांपाशी.

रविवारी पावणेआठला शिट्टी गळ्यात अडकवून उभा राहिलो. सातची इंग्रजी मिस्सा सुटत होती, आठच्या मराठी मिस्सेची मंडळी येत होती आणि गेट एकच. सिंहस्थात लाखो माणसं रामकुंडाकडे वळवणारं हे शहर! फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला हजारो भाविक येतात, तेही सुखरूप घरी जातात. म्हटलं, पन्नास-साठ दुचाक्यांचं काय एवढं? पण तिथे पोलीस असतात, आणि पोलिसांना कोणी 'लेकरा' म्हणत नाही.

मला म्हणतात. "लेकरा, माझी गाडी गुलमोहराखालीच लागते." का मावशी? "सीट तापते रे." एप्रिलमध्ये ते खरंही होतं, पण गुलमोहर एक आणि मावश्या अकरा. त्यांच्यामागे कॉयरवाले, म्हणजे मिस्सेतली गायक मंडळी. "आम्ही कॉयरमध्ये आहोत" हे वाक्य ते आमदाराच्या स्टिकरसारखं वापरतात.

खरा घोळ मात्र मिसळीने घातलाय. कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत ती पवित्र भाकर घेण्याच्या, आधी तासभर पाणी आणि औषध सोडून पोटात काही जायचं नसतं. म्हणजे माणूस उपाशी येतो, आणि नाशिकचा माणूस रविवारी सकाळी उपाशी असला की त्याचं अर्धं चित्त काळ्या रश्श्यात असतं. सव्वानऊनंतर मिसळीला वेटिंग लागतं, म्हणून प्रत्येकाला गाडी गेटाजवळ, तोंड रस्त्याकडे करून लावायची असते. शेवटचा आशीर्वाद झाला रे झाला की निघायचं. समाप्तिगीत म्हणायला कॉयर आणि मावश्याच उरतात. मी प्रत्येक हेल्मेटच्या काचेत डोकावून ख्रिस्त शोधत होतो. आतून एकच उत्तर येत होतं, "काका, इथेच लावतो ना, लगेच निघायचंय."

आठ वाजून चार मिनिटांनी एक पांढरी गाडी आली आणि बरोबर गेटात आडवी थांबली. साठीचे एक गृहस्थ उतरले.

"साहेब, इथे नाही."

"अहो, उशीर झालाय मला!"

"सगळ्यांनाच झालाय. गाडी मागे घ्या."

"तुम्ही नवीन दिसता," असं म्हणून ते निघालेसुद्धा. मी शिट्टी फुंकली. त्यांनी मागे न बघता हात वर केला, थेट पोपसाहेबांच्या थाटात. यानंतर मी जे पुटपुटलो ते पुढच्या पापनिवेदनात सांगणार आहे, इथे नको.

लाउडस्पीकरवर बायबलमधल्या शुभवर्तमानाचं वाचन सुरू होतं. अम्माऊस गावाच्या वाटेवरची गोष्ट. पुनरुत्थित येशू दोन शिष्यांबरोबर चालतो, शास्त्र उलगडून सांगतो आणि त्यांना पत्ता नाही. अकराएक किलोमीटर! म्हणजे नाशिकरोडहून निघून पंचवटी गाठावी, तरी शेजारी कोण चालतंय ते कळू नये. शेवटी जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली तेव्हा ओळख पटली. मला जरा हायसं वाटलं. त्यांना तर पार्किंगची ड्युटीही नव्हती. त्याची शिष्या मरिया माग्दालेना, तिनेही त्याला आधी बागेचा माळीच समजलं होतं. मला सकाळपासून सगळे वॉचमन समजत होते, पण ते प्रकरण वेगळं.

कम्युनियनच्या वेळी गेट देवाच्या हवाली करून आत गेलो. फादरांपुढची रांग दारापर्यंत आली होती. त्यांच्या मदतीला नेमलेले प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले, सेवक दुसऱ्या बाजूला कम्युनियन देत होते, तिथे माणसं कमी. मान खाली घालून, शक्य तितका पवित्र चेहरा करून सरकत राहिलो. माझी पाळी आली. मान वर केली.

पांढरी गाडी.

म्हणजे उशीर झालाय ते यासाठी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गळ्यातल्या शिट्टीकडे. शिट्टी शर्टात सारायची राहूनच गेली होती. त्यांच्या बोटांत ती पांढरी चकती.

"ख्रिस्ताचे शरीर."

एरवी माझं 'आमेन' समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तोंडातून निघतं. आज त्याला घशातून वर यायला वेळ लागला. मागच्या मावशी खाकरल्या.

"आमेन," मी म्हणालो.

त्यांनी ख्रिस्तशरीर माझ्या तळहातावर ठेवलं आणि ओठ फारसे न हलवता कुजबुजले, "चावी गाडीलाच आहे."